वधूचा चेहरा आणि वुजूचे पाणी

विवाहाचा हंगाम आला की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो बहुधा दबक्या आवाजातच विचारला जातो: नवरीचा मेकअप झाल्यावर तिच्या नमाजचे काय? विचारणारी कधी वधूची बहीण असते, कधी स्वतः वधू. उत्तर देणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांपैकी कोणी म्हणते, "एका दिवसाने काय होते, कजा पढून घे." कोणी म्हणते, "मुळात हे रंगरोगणच हराम आहे." पहिल्या उत्तरात नमाज स्वस्त होते, दुसऱ्यात अल्लाहने जे हराम केलेले नाही ते हराम ठरते. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र गप्प बसते आणि पुढे जे व्हायचे ते होते. असर, मगरिब आणि इशा या तीनही नमाजा त्या दिवशी तिच्या हातून जातात. ज्या दिवशी तिच्या नव्या आयुष्यासाठी शेकडो माणसे दुआ करीत असतात, त्याच दिवशी तिला स्वतःला दुआसाठी मुसल्यावर उभे राहता येत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, हा विषय पार्लरचा म्हणून बाजूला टाकण्याजोगा नाही. आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहू, कारण वस्तूचे स्वरूप जाणल्याशिवाय तिच्यावरील हुकूम कळत नाही.

वधूच्या मेकअपचा पाया म्हणजे ज्याला 'बेस' म्हणतात तो थरांचा असतो. चेहरा स्वच्छ करून ओलावा देणारे क्रीम लावतात. त्यावर प्रायमर येतो. तो बहुतेक वेळा सिलिकोनयुक्त असतो आणि त्वचेवरील सूक्ष्म छिद्रे भरून काढतो. डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकण्यासाठी कन्सीलर, सर्वत्र एकसारखा रंग देण्यासाठी फाउंडेशन, ते जागेवर बसावे म्हणून पावडर आणि शेवटी 'सेटिंग स्प्रे'चा फवारा. फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची ऑक्साइडे ही रंगद्रव्ये असतात. 'लाँग-वेअर' म्हणून जे विकले जाते त्यात उडून जाणारे द्रावक असते. लावल्यावर काही मिनिटांत ते उडते आणि रंगद्रव्य धरून ठेवणारा राळेसारखा पातळ पापुद्रा त्वचेवर उरतो. घाम, अश्रू, तेल यांना हा पापुद्रा दाद देत नाही. त्यावर पाणी टाकले तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून जातात. उत्तम बेसची हीच कसोटी मानली जाते, आणि आपला प्रश्नही नेमका इथूनच सुरू होतो.

सूरह अल-माइदामध्ये (५:६) वुजूचा आदेश आहे: चेहरा आणि कोपरांपर्यंत हात धुवावेत, डोक्यावर ओला हात फिरवावा, घोट्यांपर्यंत पाय धुवावेत. धुणे म्हणजे पाणी त्वचेवरून वाहणे. वुजू करताना ज्यांच्या टाचा कोरड्या राहिल्या त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कठोर शब्दांत सावध केल्याची हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोहोंत आहे. सहीह मुस्लिममध्येच आणखी एक प्रसंग आहे: एका माणसाच्या पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली होती, आणि प्रेषितांनी (स.) त्याला परत जाऊन नीट वुजू करण्यास सांगितले. नखाएवढ्या जागेची ही कथा, तर संपूर्ण चेहऱ्याचे काय सांगावे!

फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, येथे एक सुबोध भेद केला आहे. मेहंदीचा रंग त्वचेवर उरतो, पण त्याला जाडी नसते. पाणी पोहोचते, वुजू होते. सुकलेले पीठ, मेण, नखांवरचे पॉलिश यांना स्वतःची जाडी असते. त्यांच्याखाली पाणी जात नाही, म्हणून ते काढणे आवश्यक. पाण्याला न जुमानणारा बेस कोणत्या बाजूला पडतो हे सांगण्यास मुफ्तींची गरज नाही. ज्या गुणासाठी आपण पैसे मोजले, तोच गुण वुजूच्या आड येतो.

येथे सुशिक्षित भगिनी एक मुद्दा मांडतात आणि तो विचार करण्याजोगा आहे. चामडी मोज्यांवर ओला हात फिरवण्याची सवलत आहे. घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन दिवस-रात्री. जखमेच्या पट्टीवरही ओला हात फिरवता येतो. मग चेहऱ्यावरील बेसला तोच न्याय का नको? याचे उत्तर असे की सवलत देणारा अल्लाह आहे आणि ती कोठे दिली हे त्याच्या प्रेषितांनी (स.) दाखवून दिले. मोज्यांची सवलत पायांपुरती दिली गेली, ती चेहऱ्यापर्यंत आणली गेली नाही. पट्टीची सवलत इजेपोटी आहे. तयम्मुमही पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होत असेल तेव्हाच. मेकअप बिघडेल ही भीती अपायाच्या व्याख्येत बसत नाही, मग तो कितीही महागडा असो. आपण स्वतः निर्माण केलेली अडचण आणि आपल्यावर ओढवलेली अडचण यांत शरीअत फरक करते, आणि विवेकही तोच फरक करतो.

म्हणून शृंगारच नको, असे म्हणावे काय? तसे म्हणणाऱ्यांनी मदीनेतील घरांत जरा डोकावून पाहावे. सूरह अल-आराफमध्ये (७:३१-३२) इबादतीच्या वेळी शोभा धारण करण्यास सांगितले आहे, आणि अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरवणारे कोण, असा सवालही केला आहे. सहीह बुखारीत ह. आयेशा (रजि.) यांच्याकडील जाड्याभरड्या वस्त्राचा उल्लेख येतो. त्याची किंमत पाच दिरहम होती. प्रेषितांच्या (स.) काळी मदीनेत एखाद्या वधूला सजवायचे असले की ते वस्त्र उसने मागून नेले जाई. एकच वस्त्र, अनेक वधू. अबू दाऊदच्या संग्रहात ह. आयेशा (रजि.) यांचेच आणखी एक कथन आहे. मक्केच्या प्रवासात एहरामच्या वेळी त्या स्त्रिया कपाळाला सुगंधी लेप लावीत, घाम आला की तो लेप चेहऱ्यावर ओघळे, प्रेषित (स.) ते पाहत आणि मनाई करीत नसत. ओघळलेला लेप पाहून कोणी नाक मुरडल्याचे त्या कथनात नाही. आजची वधू घामाने बेस ओघळण्याच्या कल्पनेनेच घाबरते, हे आठवले म्हणजे अंतर लक्षात येते.

ह. उम्मे सलमा (रजि.) सांगतात की बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांत स्त्रिया चेहऱ्यावरील वांगासाठी 'वर्स' या पिवळ्या वनस्पतीचा लेप लावीत. वांग झाकावा किंवा जावा असे तेव्हाच्या स्त्रीलाही वाटत होते, आणि त्यात कोणाला आक्षेपार्ह काही दिसले नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी: ते दिवस नमाजपासून सूट असलेले दिवस होते. ज्या वधूला विवाहाच्या दिवशी अशी सूट असते, तिच्यापुरता वुजूचा प्रश्न उद्भवतच नाही, हेही जाता जाता नमूद करावे.

आता घड्याळ समोर ठेवून पाहू, कारण या प्रश्नातील निम्मी अडचण वेळापत्रकाची आहे. दुपारी जुहर अदा करून वधू तयारीला बसते असे धरू. थंडीच्या दिवसांत आपल्या महाराष्ट्रात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाफई मसलकाप्रमाणे असरची वेळ लवकर लागते, हनफी मसलकाप्रमाणे थोडी उशिरा. पण दोन्हींत चार-साडेचारपर्यंत असर अदा करता येते. वुजू करून, असर पढून, त्याच वुजूने ती खुर्चीत बसली तर बेस त्या वुजूवर लागतो आणि वुजू मोडेपर्यंत तो कोणत्याही नमाजला बाधक नाही. सव्वासहापर्यंत वुजू टिकले की त्याच चेहऱ्याने मगरिब होते. इशाला तर घाई नाहीच. तिची वेळ रात्री उशिरापर्यंत असते. घरी परतून, तेलयुक्त क्लिंझरने बेस उतरवून, चेहरा धुऊन, ती निवांत पढता येते. म्हणजे ज्या प्रश्नाचा एवढा बाऊ होतो तो बहुतेक वेळा एका मगरिबवर येऊन थांबतो.

ही योजना फसण्याची कारणेही व्यवहारातलीच आहेत. वुजू टिकावे म्हणून काही मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघुशंका दाबून ठेवतात. हे आरोग्यास वाईट आहेच, शिवाय लघुशंका वा शौच रोखून धरलेल्या अवस्थेत नमाज पढू नये अशी हदीस आहे. तसे झालेच तर बेस उतरवून पुन्हा वुजू करावे. साध्या बेसचे पुन्हा काम पंधरा-वीस मिनिटांत होते. दीड तासाच्या सात थरांचे होत नाही. थर कमी ठेवण्याचे हे एक चांगले कारण. शाफई मसलकात पतीच्या हाताचा थेट स्पर्श झाला तरी वुजू राहत नाही. आपल्या कोकणातील बहुसंख्य कुटुंबे शाफई आहेत. त्या वधूंनी अंगठीचा वगैरे कार्यक्रम मगरिबनंतरच ठेवलेला बरा. वेळापत्रक अगदीच बसत नसेल तर दोन नमाजा एकत्र पढण्याविषयी आपल्या मसलकाच्या आलिमांना आधी विचारावे. हनफी मसलकात हजखेरीज तशी मुभा नाही. मुभा मिळाली तरी वुजू लागतेच.

एवढ्याने फिकहचा प्रश्न सुटतो. नैतिक प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे: हा 'निर्दोष' आणि 'टिकाऊ' चेहरा आपल्याला हवा कशासाठी, आणि कोणासाठी?

बेसचा इतिहास येथे उपयोगी पडतो. आजच्या फाउंडेशनचा एक महत्त्वाचा पूर्वज म्हणजे मॅक्स फॅक्टर यांचे 'पॅन-केक'. ते १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या रंगीत चित्रपटांसाठी तयार झाले आणि मग सामान्य ग्राहकांना विकले जाऊ लागले. अधिक बारकावे टिपणारे कॅमेरे आले तेव्हा 'एचडी मेकअप' हा शब्द आला. आज तालुक्याच्या गावातील पार्लरच्या दरपत्रकावरही तो असतो, आणि त्याखाली 'एअरब्रश'चा वेगळा दर असतो. मुळात ही कला कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी घडली. माणसाच्या डोळ्याला छिद्र, तीळ, पुसट वण खटकत नाहीत. आईला तर ते मोजूनही येत नाहीत. आपल्या विवाहसमारंभात कॅमेरा हा मुख्य पाहुणा झाला, तेव्हापासून वधूचा चेहरा त्याच्या अपेक्षेप्रमाणे तयार होऊ लागला. (शृंगार कोणासमोर प्रकट करावा याचे नियम सूरह अन-नूरमध्ये, २४:३१ मध्ये, आहेत. पुरुष मेकअप कलाकाराला घरी बोलावणाऱ्या कुटुंबांनी ती आयत अर्थासह वाचावी. त्याची चर्चा आज करीत नाही.)

शृंगार ही फसवणूक आहे काय? सरसकट तसे म्हणता येणार नाही. निकाह झालेला आहे, वर-वधूने एकमेकांना पाहिलेले आहे, आणि त्या दिवशी वधू सजलेली असणार हे सर्वांना ठाऊक आहे. जेथे कोणाची समजूत खोटी होत नाही तेथे फसवणूक कशी? मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मात्र परिस्थिती पालटते. निकाहपूर्वी पाहून घेण्याची अनुमती प्रेषितांनी (स.) दिली ती खरे दिसावे म्हणून. तेथे सावळ्या मुलीला दोन छटा उजळ फाउंडेशन लावून बसवले जाते तेव्हा बाजारातील धान्याच्या राशीची ती हदीस आठवते. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तर आत धान्य ओले निघाले. पाऊस लागला, असे विक्रेता म्हणाला. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले.

पण हा दाखला देताना लेखणी अडखळते. मुलगी धान्याची रास नाही, आणि सावळा रंग हा ओलावा नाही. ओलावा हा दोष आहे. रंग ही सूरह अर-रूमनुसार (३०:२२) अल्लाहची निशाणी आहे, भाषांच्या वैविध्याच्या बरोबरीने गणलेली. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) गोऱ्याचे काळ्यावर आणि काळ्याचे गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाकारले, आणि ईशभय हीच कसोटी ठेवली. मग जी फुफी, जी खाला बैठकीतून उठताना "मुलगी चांगली आहे, पण रंग जरा…" असे म्हणून वाक्य अर्धे सोडते, तिने काय केले? त्या मुलीला पुढच्या बैठकीला फाउंडेशन लावणे तिनेच भाग पाडले. फसवणुकीचा आरोप करायचा तर आधी त्या अर्ध्या वाक्यावर करावा. माझ्या मते या प्रकरणात मुलीची चूक सर्वांत लहान आहे. मागणी करणाऱ्यांची मोठी आहे.

या मागणीची किंमत कधी देहालाही मोजावी लागते. 'फेअर' हा शब्द नावात घेऊन १९७५ पासून विकल्या गेलेल्या क्रीमने २०२० मध्ये तो शब्द गाळला, परंतु बाजारात विनालेबल, विनापरवाना उजळ करणाऱ्या क्रीम आजही मिळतात. त्यांपैकी काहींत पारा असतो. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. बेस नीट बसावा म्हणून लग्नाआधी दोन-तीन महिने असले क्रीम चोळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सल्ला नाकारणे हे स्वतःला विनाशात न लोटण्याच्या आदेशाचे (२:१९५) पालन आहे.

एखादीच्या चेहऱ्यावर भाजल्याचा व्रण असेल, कोड असेल, तर? ह. अरफजा (रजि.) यांचे नाक कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवण्यास सांगितले, जरी सोने पुरुषांना एरव्ही वर्ज्य आहे. इजा झाकण्याची इच्छा प्रेषितांनी (स.) अशी समजून घेतली. तेव्हा व्रण झाकणाऱ्या स्त्रीला कोणी टोमणा मारू नये. निकाहपूर्वी मात्र ती गोष्ट दुसऱ्या पक्षाला सांगितलेली असावी. त्यानंतर ती रोज झाकावी की न झाकावी हे तिने ठरवावे.

आणखी एक बाब अधिक गंभीर आहे. गोंदणाऱ्या, भुवया उपटणाऱ्या, सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या स्त्रियांविषयीची कठोर हदीस ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आली आहे, आणि तिचे कारण अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे असे सांगितले आहे. बहुसंख्य आलिमांनी सुरमा, मेहंदी, चेहऱ्याचा रंग यांना त्यात धरले नाही, कारण ते धुतले की जातात. धुतले की जाणे, यावर शृंगाराची मुभा उभी आहे. आणि बाजार विकतो काय? न जाणे. आठ तास, सोळा तास, चोवीस तास. आता 'बीबी ग्लो' नावाचा प्रकार शहरांतील सौंदर्यकेंद्रांत आला आहे. त्यात सूक्ष्म सुयांनी रंगयुक्त द्रव त्वचेत सोडतात आणि तो कित्येक आठवडे राहतो. येथे वुजूचा अडथळा नाही, कारण रंग त्वचेच्या आत आहे. म्हणून काही भगिनींना हा सोपा उपाय वाटतो. पण सुईने त्वचेत रंग भरणे याला गोंदणे नाही तर काय म्हणावे? वुजूच्या अडचणीतून सुटताना आपण त्याहून मोठ्या अडचणीत पाऊल टाकतो. टिकाऊपणाची हाव अशी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेते, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या मानाने लहानच दिसते.

निर्दोष असणे आणि उरणे हे दोन्ही शब्द आपण तस्बीहमध्ये रोज अल्लाहसाठी उच्चारतो. सूरह अर-रहमानमध्ये (५५:२६-२७) सर्व काही नाश पावेल आणि केवळ पालनकर्त्याचा चेहरा उरेल असे सांगताना 'चेहरा' हाच शब्द आला आहे. माणसाच्या चेहऱ्याविषयीही प्रेषितांनी (स.) एक वचन दिले आहे, आणि ते बुखारी-मुस्लिममध्ये आहे: कयामतच्या दिवशी आपल्या समुदायाचे लोक वुजूच्या खुणांनी तेजस्वी चेहरे आणि हातपाय घेऊन येतील आणि त्यावरून ओळखले जातील. आपल्या मुलींना हे कोणी सांगितले आहे काय? त्यांना लग्नाआधी फेशियलच्या सहा बैठका सांगणारे पुष्कळ भेटतात.

मुलीवर सारा भार टाकून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. हॉल घेताना जेवणाची पाने किती बसतात हे वडील विचारतात; स्त्रियांच्या बाजूला वुजूची जागा आहे का हे विचारत नाहीत. मग लेहंग्याचा घोळ सांभाळीत वधूने हात धुण्याच्या उंच बेसिनवर पाय धुवावेत अशी आपली अपेक्षा असते काय? वराच्या मित्रांनी त्याला घोड्यावर किंवा सजवलेल्या गाडीत बसवून मगरिबची जमाअत चुकवली तर त्याला कोणी बेसविषयी विचारीत नाही, आणि त्याची कजाही कोणी मोजत नाही. सासूबाईंनी वलीम्याच्या सकाळी सूनबाईला "आधी नमाज, मग तयारी" एवढे म्हटले तरी त्या घरात तिचे पहिले पाऊल हलके पडेल.

ब्युटीशियनशी हे आगाऊ बोलून ठेवावे. बहुतेक जणी समजून घेतात. त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या वधूंची हीच अडचण असते. नोंदणी करतानाच सांगावे की असरपूर्वी काम सुरू करायचे नाही, बेस हलका हवा, रंग स्वतःच्या त्वचेचाच हवा, नखांना पॉलिशऐवजी मेहंदी चालेल, आणि मगरिबच्या अजानला पंधरा मिनिटे हात थांबवायचा आहे. त्या पंधरा मिनिटांसाठी एक मुसल्ला, एक मोठी ओढणी आणि तेलयुक्त क्लिंझरची छोटी बाटली वधूच्या बॅगेत ठेवण्याचे काम धाकट्या बहिणीकडे द्यावे.